बेगमचा पान्हा

खारेपाटण,
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

शाहीद यांस,

अस्सलामु अलैकुम. आम्ही इकडे खुशाल आहोत, तुम्हीही तिकडे अल्लाच्या मेहेरबानीने खुशाल असाल. अम्माचा खोकला कमी आहे. सायमाला गणितात चांगले मार्क पडले. आंब्याला मोहोर बरा आहे, काजूला अजून म्हणावा तसा नाही. हे सगळं फोनवर सांगून झालंय, पण पत्राची सुरुवात अशी करायची हे शाळेत बाईंनी हातावर पट्टी मारून शिकवलेलं, ते हाताला अजून लक्षात आहे.

पत्र कशाला, असं म्हणाल. महंमदची सुट्टी संपली, तो पुढच्या रविवारी कुवेतला परत निघतोय आणि तुमची पिशवी त्याच्याकडे द्यायची आहे. सोडे, मसाला, कोकमं आणि अम्माचे पापड. त्यात हेही घालते. फोनवर माझ्या बाजूला अम्मा असते आणि तुमच्या बाजूला खोलीतली सगळी माणसं. मग मी "हो" म्हणते, तुम्ही "बघू" म्हणता आणि फोन संपतो. कागदाला "बघू" म्हणता येत नाही, म्हणून कागद.

महंमद काल घरी येऊन गेला. चहा प्यायला, बराच वेळ बोलत बसला. ते नंतर लिहीन.

आधी बकरी. तुम्ही व्हिडिओवर पसंत केलीत ना, ती. तिकडे विजयदुर्गला तिचे मालक समदचाचा तिला अंगणात धरून उभे, कोणीतरी फोन धरलेला, आणि तुम्ही कुवेतमधून "जरा फिरवा, दात दाखवा, कास दाखवा" करताय. सगळं बघितलंत. फक्त दूध काढून दाखवा, एवढंच म्हणाला नाहीत. अहो, बाजारात नारळसुद्धा कोणी कानाशी हलवून बघितल्याशिवाय घेत नाही!

टेम्पोतून उतरली तेव्हा सगळ्यांना आवडली, खोटं कशाला बोलू. काळीभोर, कानांच्या कडा पांढऱ्या, पायांवर पांढरे पट्टे. अस्सल कन्याळ जातीची आहे, असं टेम्पोवाला चार वेळा म्हणाला. नाव बेगम. समदचाचांनी ठेवलेलं आहे, दुसऱ्या नावाला ती ढुंकून बघत नाही. अम्मा म्हणाली, "ह्या घरात आधीच दोन बेगमी आसत, आता ही तिसरी इली." सायमा तर तिच्या गळ्यालाच पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धार काढायला बसले आणि तेव्हापासून माझे नाकी नऊ आलेत. कोमट पाण्याने कास धुतली. सड वरून अंगठ्याने आणि बोटाने आवळायचा, मग खालची बोटं एकेक करून मिटायची, ओढायचं नाही, हे सगळं मी मोबाईलवर बघून ठेवलं होतं. त्यातली बकरी फोटोतल्यासारखी उभी राहते. आपली बेगम मागचा पाय उचलते आणि बरोबर टोपात ठेवते. टोप बाजूला घेतला की माझ्या गुडघ्यावर ठेवते. दोरीने पाय बांधला तर सरळ खाली बसते. ढेप पुढे ठेवली तर ढेप खाते, संपवते, आणि मग लाथ मारते. म्हणजे आधी खाऊन घ्यायचं, भांडण नंतर.

आणि पान्हा चोरते. कास टच्च भरलेली दिसते, पण माझा हात लागला की अंग आखडून घेते. दोन-चार थेंब टोपात, बाकी सगळं तिच्या पोटात. अम्माला पिशवीचं दूध पचत नाही, बकरीचं पचेल, म्हणून तुम्ही ही पाठवलीत ना? मग ऐका. अम्मा रोज सकाळी कप घेऊन पडवीत बसते, आणि मी तिला काळा चहा देते.

गुरांचे डॉक्टर येऊन बघून गेले. म्हणाले, आजार काही नाही, पण कास रोज रिकामी झाली नाही तर दगडी होईल, मग सड कायमचा जाईल. म्हणजे हिचा हट्ट आणि भोग माझा.

शेजारच्या काशीबाई म्हणाल्या, "अगो नाझमीन, तिका वळख नाय तुझी. ज्याच्या हाताक सवयीची आसा, त्याचो कपडो अंगार घे. आमची म्हस अशीच आमच्या सासूच्या लुगड्याशिवाय पिळूक देय नसा." म्हणून समदचाचांना फोन लावला. बाई गं, काय तो माणूस बोलतो! गुडघे दुखतात इथून सुरू झाले ते वादळ, मासे, सुनेचा स्वयंपाक, किल्ल्यावरचे पर्यटक. मी मधेच घुसून विचारलं, चाचा, तुम्ही तिची धार कशी काढत होता? तर म्हणाले, "काय करूचा नाय गो. बसतंय आणि पिळतंय. गरीब जनावर ता." गरीब जनावर! मग एसटीच्या ड्रायव्हरकडून त्यांची जुनी लुंगी मागवली.

ती लुंगी डोक्यावरून घेऊन मी बकरीखाली बसले, शाहीद. माशांचा आणि विड्यांचा तो वास, माझ्याच डोळ्यांतून पाणी आलं. बेगमने लुंगी हुंगली, चाटली, एक कोपरा तोंडात घेऊन चावला. मी म्हटलं, जमलं. आणि त्याच क्षणी अशी लाथ हाणलीन की टोप विहिरीपर्यंत गडगडत गेला. काशीबाई हसू आवरायला घरात पळाल्या.

आता हात भरून आला. पुढचं परवा-तेरवा.

बुधवार, दुपार

अम्मा झोपली आहे, सायमा शाळेत आहे, म्हणून लिहायला बसले.

बेगमने दूध दिलं. ऐकून खूश झालात? व्हा. कसं दिलं ते आता वाचा.

सोमवारी सकाळी आमची रोजची कुस्ती चालू होती. सायमा दप्तर घेऊन दारात उभी, आणि तुमचा व्हॉट्सॲपवरचा आवाज ऐकत होती. तिला तो मोठ्याने लावायची सवय आहे, शेजाऱ्यांनी ऐकावं म्हणून. तुमचा आवाज आला, "सायमा बाय, शाळेत जातंस मगो? डबो खा हां सगळो." आणि बेगमचे कान उभे राहिले. पाय उचललेला होता, तो खाली आला. माझ्या हातात सड मऊ पडला आणि धार लागली, सरसर, टोपात फेस! मी ओरडले, "बंद करू नको, परत लाव!" सायमाने परत लावला. अर्धा टोप भरला.

अम्माला एवढा आनंद झाला की ती काठी न घेता उठली. दूध उकळून दिलं, एका दमात प्यायली, आणि काय म्हणाली ठाऊक आहे? "बघ, घराक पुरुष माणूस होयो. ह्या बकरेकसुद्धा कळता." सगळ्या वाडीला सांगून झालंय. रस्त्यात मला बायका विचारतात, "काय गो, शाहीद कुवेतातना दूध काढता म्हणे?"

मला हसू येत नाही. पाला मी आणते. आपल्या फणसाचा संपला तर काशीबाईंकडून मागते. लेंड्या मी झाडते, लाथा मी खाते, गुडघ्यावर निळे डाग माझ्या. आणि पान्हा सोडते ती तुमच्या आवाजाला. हा कुठला न्याय, ते तुम्हीच सांगा.

बरं, पुढचं. मंगळवारी परत तोच निरोप लावला तर तिने ऐकून घेतला, पण निरोप संपला आणि पान्हाही संपला. म्हणून दुसरे शोधायला लागले. तुमचे हल्लीचे निरोप किती मोठे असतात, कधी बघितलंत? "हां." "कामात आसंय." "उद्या बोलतंय." सडाला हात लावेपर्यंत संपतात. त्यात घोटभर चहाचं दूधही निघत नाही. मग मी मागे मागे जात राहिले. गेल्या वर्षी, त्याच्या आदल्या वर्षी. तिथे तुम्ही बोलताय. बापरे, किती बोलताय! कुठल्या टॉवरच्या गच्चीवर एसी बसवला, मलबारी खानावळीत मासे कसे बिघडवले, वाळूचं वादळ आलं तेव्हा खोलीत ओले टॉवेल कसे लावले. एकात तर तुम्ही नुसते गुणगुणताय आणि मधेच "नाजू, ऐकतंस मां?" विचारताय. बेगम डोळे मिटून रवंथ करत होती आणि दूध वाहत होतं, आणि मी तिच्या पोटाला कपाळ टेकून बसले होते.

हे सगळं मी तेव्हा ऐकलं असणार, पण घाईत. चुलीवर काहीतरी असणार, सायमा रडत असणार. आता रोज सकाळी बसून ऐकते. दुसरा इलाज नाही, दूध हवं ना.

आज सकाळी खूप मागचा एक लागला. त्यात तुम्ही म्हणता, "दोनच वर्सा गो नाजू, मगे कायमचो येतलंय. हायवेर दुकान घालूया." त्यानंतर दोन वर्षांनी आणखी एक, त्यातही तेच. शब्दसुद्धा तेच, दुकानसुद्धा तिथेच. आणि मग गेल्या ईदनंतरचा, "ही ईद जाऊं दे, पुढच्या ईदीक मी कायमचो घरात." तीन वेळा, शाहीद. एकामागून एक ऐकले तेव्हा कळलं. दोन-दोन वर्षांच्या अंतराने ऐकलं की माणसाला ते नवीन वाटतं.

ती पुढची ईद आता आली. दोन महिनेही राहिले नाहीत. सायमाने वर्गात सगळ्यांना सांगितलंय की पप्पा ईदला येणार ते परत जाणारच नाहीत. बाईंनाही सांगितलंय. मला त्या बाजारात भेटल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं हो." मी काय म्हणणार? "हो" म्हटलं.

अम्मा उठली वाटतं.

शनिवार, ८ तारीख

उद्या महंमद निघणार. आज लिहून संपवलं नाही तर कधीच लिहिणार नाही.

महंमद त्या दिवशी चहा पिताना काय बोलला, ते आता लिहिते. त्याचा काही दोष नाही, त्याला वाटलं मला माहीत आहे. म्हणाला, "भाबी, शाहीदभायनं सही केली ता बरा केल्यान. आजकाल दोन वर्सांचो करार सहज गावता खंय?" माझ्या हातात बशी होती. मी त्याला आणखी एक खारी दिली आणि विचारलं, "कधी केली सही?" म्हणाला, डिसेंबरात.

डिसेंबरात सही केलीत आणि जानेवारीत बकरी पाठवलीत. मी म्हणत होते, या. तुम्ही बकरी पाठवलीत. आणि वर मला विचारलंत, "आवडली मां?"

गेला आठवडाभर मी तुमच्याशी फोनवर बोलते आहे, काजूचं सांगते आहे, आणि वाट बघते आहे की तुम्ही सांगाल. काल शुक्रवार, तुमची सुट्टी. मी मुद्दाम विचारलं, "तिकिटाचं काय केलंत?" तुम्ही म्हणालात, "बघू." मी फोन अम्माला दिला आणि विहिरीवर गेले.

आज सकाळी बेगमखाली बसले तेव्हा मोबाईल घरातच ठेवला. मुद्दाम. म्हटलं, बास झालं. आता ह्या माणसाच्या आवाजावर माझ्या घरात दूध निघायचं नाही. हात लावला. तिने अंग आखडलं. परत लावला, लाथ. कास दगडासारखी लागत होती, एक सड तर तापला होता. सायमा म्हणाली, "मम्मी, पप्पांचो आवाज लावू?" मी तिच्यावर असं खेकसले की पोर घाबरून आत गेली. आणि मग, काय झालं मला कोण जाणे, मी बकरीवर तुटून पडले. म्हणजे हाताने नाही, तोंडाने.

म्हटलं, मेले, तुला काय झालंय गं, मी कोण लागत नाही का तुझी? मी पाला घालते, मी पाणी पाजते, आणि तुला लांब बसलेल्याचं कौतुक! त्याने सही केलीन, विचारलंन नाही. बायकोला नाही, पोरीला नाही. त्याच्या दुकानाची जागा मी दर दोन वर्षांनी हायवेवर जाऊन बघून येते, आता तिथे दुसऱ्याचं गॅरेज झालं. मला मोठं घर नको होतं, मला फ्रीज नको होता, बकरी तर नकोच होती. मला माणूस हवा होता, जेवायला बसल्यावर मीठ कमी आहे म्हणणारा. असं बरंच काही. सगळं इथे लिहिता येत नाही, काही शब्द चांगले नव्हते.

आणि बोलता बोलता बघते तर टोप भरत आलेला.

मी तोंड बंद केलं. धार थांबली. बेगमने मान वळवून माझ्याकडे बघितलं, काय झालं, बोल की, असं. मी परत सुरू केलं. परत धार. शाहीद, तिला काही पुरुषाचाच आवाज हवा नव्हता. तो बडबड्या समदचाचा, धार काढताना त्याचं तोंड चालू असणारच, आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ता नाही. तिला फक्त शेजारी बसून कोणीतरी बोलत राहायला हवं होतं. मी पहिल्या दिवसापासून दात-ओठ खाऊन गप्प बसून पिळत होते, म्हणून ती मला परकी समजत होती.

शेवटचा थेंब काढून उठले तर पडवीत अम्मा उभी. सगळं ऐकलेलं. मला वाटलं, आता माझी धडगत नाही, तिच्या मुलाचा उद्धार केलेला मी. मी आत जाऊन दूध तापवलं, दिलं. ती कप तसाच धरून बसली आणि मग म्हणाली, "माका सांगलेला त्यानं. डिसेंबरातच. तुका सांगू नको म्हणालो."

मी खाली बसले. मला वाटलं होतं, या घरात निदान आम्ही दोघी तरी एका बाजूला आहोत.

मग म्हणाली, "त्याचो बापूस बोटीर होतो. दर येळेक पुढच्या सालाक येतंय म्हणायचो. मी गप रवलंय, बरा दिसत नाय म्हणान. तो घराक इलो तेव्हा आजारीच इलो. तू गप रवू नको. लिही. मी सांगलंय म्हणान लिही." अम्मा रडत होती. तुम्ही पहिल्यांदा विमानाला निघालात तेव्हा मी तिला रडताना बघितलं होतं, त्यानंतर आजच.

म्हणून लिहिते.

महंमद सांगतो, या महिन्याच्या अखेरीपर्यंत करार मागे घेता येतो, साहेबाला जाऊन सांगावं लागतं एवढंच. घ्या किंवा घेऊ नका, ते तुमच्या हातात आहे. तुमचं तिकडे कसं चाललंय, किती उन्हात चाललंय, हे मला त्या जुन्या निरोपांतून कळलं. मजा मारायला कोणी तिथे राहत नाही, तेवढी मला अक्कल आहे. पैसे लागतात, तेही कळतं. पण तुम्ही मला विचारलं नाहीत आणि वर अम्माला गप्प बसवलंत, याचा मला राग आहे, आणि तो बकरी पाठवून जाणार नाही. दुसरी पाठवलीत तरी नाही.

तुम्ही तिकडेच थांबलात तर मी काही जीव देणार नाही. घर चालेल. अम्माला दूध मिळेल, सायमा शिकेल. पण मग मला तसं सांगा, मी तशी जगेन. ईद ईद करत जगणार नाही.

आणि एक गोष्ट मी करणार नाही. सायमाला मी सांगणार नाही. आजपर्यंत प्रत्येक वेळी मीच सांगितलं. विमानाची तिकिटं संपली, साहेबाने सुट्टी दिली नाही, पप्पांना ताप आला. खोटं बोलायचे, आणि ती रडायची माझ्या मांडीवर, आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी चॉकलेटचा फोटो पाठवायचात. आता नाही.

हे पत्र तुम्हाला सोमवारी मिळेल. येत्या शुक्रवारी तुम्ही नेहमीसारखा फोन कराल. मी उचलणार नाही, अम्मा उचलणार नाही. फोन सायमाच्या हातात असेल. ती पहिल्यांदा तेच विचारेल, जे रोज विचारते, पप्पा कधी येणार. मी बाहेर असेन. तुम्ही तिला जे सांगाल, ते तुमच्या तोंडाने सांगा, आणि "बघू" म्हणू नका, ती आता आठ वर्षांची आहे, तिला "बघू" कळतं. फोन ठेवून ती अंगणात माझ्याकडे येईल. तिचं तोंड बघून मला माझंही उत्तर मिळेल, मला वेगळं पाठवायची गरज नाही.

अम्माचा सलाम. काळजी घ्या, उन्हात डोकं झाका.

अजून तरी तुमचीच,
नाझमीन